ओळ एकतीस

२४ जानेवारी

ठोंब्या,

वर ‘प्रिय’ लिहिलेलं नाही. ते राहून गेलेलं नाही.

तुमच्या हॉस्पिटलचा वार्षिक अहवाल यंदा आमच्या छापखान्यात आला आहे. तुला कल्पना नसेल. अहवाल कुठे छापतात याची चौकशी सर्जन लोक करत नसतात. पान एकेचाळीसपासून तुझं प्रकरण आहे. गुडघ्यामागची धमनी फुग्यासारखी फुगते, आत रक्त साकळतं, एक दिवस गुठळी अडकते आणि पाय जातो. तसं होऊ नये म्हणून तू पाय उघडतोस, फुगलेला भाग दोन्हीकडून बांधून टाकतोस आणि त्याच माणसाच्या मांडीतली शीर काढून रक्ताला नवा रस्ता करून देतोस. असे बावन्न पाय, आणि त्यांचं पुढे पाच वर्षांत काय झालं याचा तक्ता. भाषा स्वच्छ आहे. दोनच ठिकाणी स्वल्पविराम घालावा लागला.

मी तक्ते आधी वाचते. बावीस वर्षांची सवय आहे.

ओळ एकतीस. पुरुष, ५३. डावा पाय. फुगवटा चौतीस मिलिमीटर. नवी शीर एका वर्षाने : चालू. पाच वर्षांनी : चालू. पाय : शाबूत. दुसऱ्या गुडघ्यामागे फुगवटा : नाही.

हा माझा नवरा आहे. तू त्याला भाऊजी म्हणायचास.

आता ऐक. नऊ नोव्हेंबरला सकाळी साडेसातला तो कामावर जायला बूट चढवत होता. म्हणाला, “उजवा पाय झोपलाय गं.” मी म्हटलं, “मालकावर गेलाय.” तो हसला. आठ वाजता पाऊल पांढरं पडलं होतं. नऊ वाजता त्याला घाम फुटला होता आणि तो बोलत नव्हता. इथल्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दोन दिवस खटपट केली. त्या म्हणाल्या, गुडघ्यामागचा फुगवटा जुना आहे, त्यातून बारीक गुठळ्या कित्येक महिने खाली सुटत असणार, पोटरीतल्या नळ्या आधीच बुजल्या आहेत, नवी शीर जोडायची तरी कशाला? तिसऱ्या दिवशी पाय गुडघ्याच्या वरून कापला.

उजवा. तुझ्या तक्त्यात ज्याच्या मागे काहीच नाही, तो.

अडीच महिने तुला कळवलं नाही. कळवावंसं वाटलं नाही. आताही कळवत नाही, काम सांगते आहे. ओळ एकतीस, शेवटचा रकाना, दुरुस्त कर. मला ती परस्पर बदलता येत नाही. मुद्रितशोधक मूळ प्रतीशी ताडून बघतो. मजकूर बदलायचा तर लेखकाची सही लागते. एकवीस फेब्रुवारीला अहवाल मशीनवर चढतो.

आणि हे फक्त एका ओळीचं नाही. प्रकरणाच्या शेवटी तू लिहिलं आहेस : शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना दरवर्षी बोलावून दोन्ही पायांची सोनोग्राफी करण्याची गरज दिसत नाही, वर्षातून एकदा टपालाने फॉर्म भरून घेणे पुरेसे आहे. मार्चमध्ये विश्वस्त हे वाचतील आणि एप्रिलपासून तपासणी बंद करतील. ज्यांचे दुसरे पाय अजून जागेवर आहेत, त्यांच्या घरी फॉर्म जातील.

लेखी दुरुस्ती पाठव. फोन करू नकोस, मी उचलणार नाही.

ताई


१ फेब्रुवारी

ठोंब्या,

उत्तर मिळालं. टाइप केलेलं. खाली सही, सहीखाली पदव्या. सख्ख्या बहिणीला पदव्या!

तू लिहितोस, “सदर अभ्यास शस्त्रक्रिया झालेल्या पायांचा आहे. डावा पाय आजही शाबूत असल्यास नोंद बरोबरच आहे. दुसऱ्या बाजूची माहिती रुग्णाने भरून दिलेल्या फॉर्मवरून घेतली आहे.” आणि मग, “झाल्या प्रकाराचं वाईट वाटलं.”

झाला प्रकार. दुधाचं भांडं उतू गेलं तर ‘झाला प्रकार’.

डावा पाय शाबूत आहे. अगदी फर्स्टक्लास आहे. तुझं काम चोख असतं, ते मी कधी नाकारलं नाही. सकाळी तो पलंगाच्या कडेला बसतो तेव्हा तो एक पाय खाली टेकलेला असतो, टाचेपर्यंत गरम, आतल्या बाजूला तुझी लांब सरळ खूण. परवा म्हणाला, “चला, निम्मी नखं कापायचं काम वाचलं.” मी हसले नाही. तो म्हणाला, “हसायला काय होतं? पाय माझा गेलाय.”

बावन्न पाय, एकेचाळीस माणसं. मी मोजली. अकरा जणांचे दोन्ही पाय तूच केलेस, म्हणजे हा आजार दुसऱ्या बाजूला जातो हे तुला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर तुझ्या हाताने लिहिलं आहेस, “उजवी बाजू चौदा मिलिमीटर. सध्या काही नको. दरवर्षी पाहणे.” कार्ड माझ्यासमोर आहे. दरवर्षी कोणी पाहिलं?

माझा मिस्त्री नवरा फरशी बसवतो तेव्हा शेवटी सगळ्या खोलीवर उलट्या मुठीने ठोकत फिरतो. पोकळ वाजली की उचलतो. एकदा एका घरात शेजारच्या खोलीतली फरशी, दुसऱ्याने बसवलेली, चालताना पोकळ लागली. त्याने मालकिणीला बोलावून दाखवली. ती म्हणाली, “ते काम तुमचं नव्हतं ना?” तो म्हणाला, “पाय तुमचाच मुरगळेल ना?” तुला आठ वर्षं शिकवून जे कळलं नाही ते त्याला कळतं.

पण तुझ्या लेखी तो कोण? ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी आम्ही तपासणीला आलो होतो. तू त्याला पालथा झोपवलास, पँट काढून. वीसेक शिकाऊ डॉक्टर भिंतीला लागून उभे होते. एकेकाने पुढे यायचं, गुडघ्यामागे बोटं दाबायची, ठोके मोजायचे, बाजूला व्हायचं. मी दारात उभी होते. एका मुलीने विचारलं, “सर, पेशंट काय करतात?” तू वर न बघता म्हणालास, “मजूर.”

फरशी बसवणारा म्हणाला नाहीस. माझे भाऊजी म्हणाला नाहीस. पेशंट तर पालथाच होता, त्याचं तोंड कोणाला दिसत नव्हतं.

बाहेर पॅसेजमध्ये मी विचारलं तर म्हणालास, “ताई, इथे सगळे पेशंट सारखे असतात.” त्यावर मी जे बोलले ते तुला आठवत असेल. मला आठवतं. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. त्यानंतर आपण बोललो नाही.

फॉर्मचं म्हणशील तर फॉर्म हा कागद आहे. कागदावर काय येतं आणि कसं येतं हे छापखान्यातल्या बाईला शिकवू नकोस. दुरुस्ती पाठव.

ताई


७ फेब्रुवारी

या वेळी हाताने लिहिलंस. अक्षर अजून तसंच आहे, मी गिरवून घेतलेलं. आणि आत पाच फॉर्मच्या झेरॉक्स, एकही शब्द न लिहिता पिन मारलेल्या. पत्रात एकच ओळ : “हे अक्षर कोणाचं आहे, ताई?”

माझं आहे.

पाचही फॉर्म मी भरले. खालची सही मी केली. त्याची सही सोपी आहे, एक उभी रेघ आणि एक वेलांटी.

आता तुला बरं वाटलं असेल. हातात लगाम आला. थांब जरा.

तू पाचव्या फॉर्मला हे अक्षर ओळखलंस का? माझ्याच पाटीवर लिहायला शिकलास तू. पहिल्या फॉर्मलाच ओळखलं असशील. ओळखलंस आणि फाइलला लावलंस. पेशंट स्वतः भरत नाही, बायको भरते, ती बायको तुझी बहीण आहे आणि ती तुझ्यावर पेटलेली आहे. हे सगळं तुला माहीत होतं. एक फोन करायचा होतास. “भाऊजींना पाठवून दे, तू नको येऊस.” एवढंच. तू केला नाहीस, कारण फोन मी उचलला असता. माझ्याशी बोलण्यापेक्षा तुला तो फॉर्म बरा वाटला. आणि मग प्रकरणात लिहिलंस, “सर्व रुग्णांशी पाच वर्षे संपर्क राहिला, एकही रुग्ण निसटला नाही.” शंभर टक्के! तुझ्या शंभर टक्क्यांसाठी माझं खोटं तुला चाललं.

तुझ्या पत्राच्या मागच्या बाजूला पेन्सिलने तडजोडही लिहिली आहेस. ओळ एकतीस पूर्ण काढून टाकू. एक्कावन्न पाय, चाळीस माणसं. कोणाला काही कळणार नाही, तुझंही नाव येणार नाही, माझंही नाही. निष्कर्ष बदलत नाही.

नाही. तो होता. त्याला पालथा पाडून वीस जणांनी हात लावला तेव्हा तो होता, आणि आता अडचण झाली तर तो नव्हता? ओळ राहील. खरी राहील. आणि तुझा तो शेवटचा परिच्छेद जाईल.

मी काय केलं ते मला माहीत आहे. मला ते तुझ्याकडून ऐकायचं नाही.


१२ फेब्रुवारी

“भाऊजींना सांगितलंस का?” असं तू विचारतोस.

नाही.

काल फोरमन माझ्या टेबलापाशी आले. म्हणाले, “बाई, हॉस्पिटलची फाइल तुमच्याकडे अंडी उबवतेय की काय? बाकी सगळ्या पानांना हिरवा कंदील मिळाला. या सोळा पानांचं काय घोडं अडलंय?”

मी म्हटलं, “लेखकाची दुरुस्ती यायची आहे.”

“लेखकाने मागितलीय की तुम्ही?”

“एक नोंद चुकीची आहे.”

“मूळ प्रतीत आहे तशी आहे ना?”

“तशीच आहे.”

“मग आपल्याला काय करायचंय? आपण काय डॉक्टर? एकवीस म्हणजे एकवीस. बावीसला मशीनवर पाठ्यपुस्तकं चढतायत.”

बरोबर बोलले. मी नवीन पोरींना हेच शिकवत आले आहे. मूळ प्रतीत चूक असली तरी प्रत म्हणते तेच खरं. फॉर्म तुझी प्रत होती. तू ताडून बघितलंस आणि पुढे पाठवलंस. आपण एकाच घरातले आहोत, त्यात शंका नको.

तुला सगळं हवं आहे ना? घे.

पहिलं पत्र हॉस्पिटलकडून आलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, तपासणीसाठी या, येणं शक्य नसेल तर सोबतचा फॉर्म भरून पाठवा. तो अंघोळीला गेला होता. बाहेर आल्यावर त्याने विचारलं, “कोणाचं पत्र?” मी म्हटलं, “हॉस्पिटलचं. फॉर्म भरून पाठवला की झालं, यायची गरज नाही म्हणतात.” तो म्हणाला, “असं? मेहुणा म्हणाला होता दरवर्षी दाखवा म्हणून.” मी म्हटलं, “आता पद्धत बदलली.”

तो आला असता. त्या वीस जणांचं त्याला काही वाटलं नव्हतं. घरी येताना बसमध्ये म्हणाला होता, “पोरं शिकतात तर शिकू देत की. एकीचे हात फार गार होते, तेवढंच.” राग माझा होता. त्याला नसलेला राग मी त्याच्या वतीने पाच वर्षं धरून बसले.

पहिल्या वर्षी फॉर्म भरताना हात थोडा थांबला. दुसऱ्या वर्षी नाही. ‘न थांबता किती चालता?’ मी लिहिलं, दोन किलोमीटर. तिसऱ्या वर्षी तो म्हणायला लागला होता की जिने चढताना उजवी पोटरी आवळते. मी म्हटलं, वय झालं. चौथ्या वर्षी तो काम करताना मध्ये उठून उभा राहायचा. मी पुन्हा दोन किलोमीटर लिहिलं. ‘दुसऱ्या गुडघ्यामागे गाठ किंवा ठोके हाताला लागतात का?’ या प्रश्नापुढे पाचही वर्षं मी ‘नाही’ लिहिलं. एकदाही हात लावून बघितला नाही. तो माझ्याच शेजारी झोपतो. हात लांब करायचा होता.

आता मी हे त्याला का सांगितलं नाही ते विचार. विचारू नकोस. तुझ्याकडे त्याचं उत्तर आहे, तूही पाच वर्षं फोन केला नाहीस.

दुरुस्ती अजून आलेली नाही.


१८ फेब्रुवारी

काल दुपारी सांगितलं.

सुट्टी होती. तो जमिनीवर बसून हत्यारं पुसत होता. ती आता कोणाला तरी द्यायची म्हणतो. थापी, लेव्हलची नळी, रबरी हातोडी, गुडघ्याला बांधायचे पट्टे. पट्टे दोन होते. त्यातला एक त्याने बाजूला ठेवला होता.

तू पाठवलेल्या झेरॉक्स मी त्याच्यासमोर ठेवल्या.

त्याने हात पुसले, चष्मा लावला आणि पाचही कागद वाचले. पहिला, मग दुसरा, क्रमाने. त्याला वाचायला वेळ लागतो हे तुला माहीत आहे. मी समोर उभी होते. बस म्हणाला नाही.

मग म्हणाला, “हे दोन किलोमीटर कुठून आणलंस?”

“अंदाजाने.”

“अंदाजाने.” त्याने तो कागद पुन्हा पाहिला. “मला विचारायचंस. मी बाजूच्याच खोलीत होतो.”

त्याने तिसऱ्या वर्षीचा कागद वर काढला.

“तिसऱ्या वर्षी तुला सांगितलं होतं पोटरी आवळते म्हणून.”

“हो.”

“वय झालं म्हणालीस.”

“हो.”

“मला वाटलं, झालं असेल.”

त्याने कागद एकावर एक नीट जुळवले, कडा ठोकून सारख्या केल्या. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं, तुझी आणि माझी जात ती, आपल्याला भांडता येतं. तो म्हणाला, “तुझं आणि तुझ्या भावाचं वाजलं होतं ना? माझं कोणाशी वाजलं होतं? माझं कोणाशीच नव्हतं. पाय तेवढा माझा होता.”

मी म्हटलं, “त्याने तुला मजूर म्हटलं.”

“मग? मी राजवाड्यात जन्मलो होतो? मजूर म्हटल्याने पाय जात नाही गं बाई.”

मी त्याच्या खांद्याला हात लावायला गेले. त्याने खांदा काढून घेतला. मग कुबड्या ओढल्या आणि उठायला लागला. ते अजून त्याला नीट जमत नाही, मी धरते. काल धरू दिलं नाही. तीन वेळा प्रयत्न केला. चौथ्यांदा भिंतीला पाठ लावून उठला. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते आणि मला हात लावायची परवानगी नव्हती.

दारातून म्हणाला, “तुझ्या भावाचा नंबर दे.”

दिला. त्याने तुला फोन केलाच असेल. काय बोलला ते मला माहीत नाही, दार लावून घेतलं होतं. दहा मिनिटं आवाज येत होता, बहुतेक त्याचाच.

आज कामावर गेले. फोरमननी पुन्हा विचारलं. मी सांगितलं, “ती नोंद माझ्या नवऱ्याची आहे आणि खोटी माहिती मी दिलेली आहे.” छपाई विभागातले दोघे ऐकत होते. फोरमननी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाले, “एकवीसच्या संध्याकाळपर्यंत थांबतो. पाठ्यपुस्तकांना मी बघून घेतो.” त्यानंतर माझ्या टेबलावरची आणखी दोन कामं उचलून त्यांनी दुसऱ्या मुलीला दिली. का ते मी विचारलं नाही.

एकवीसची संध्याकाळ. दुरुस्ती आली नाही तर मी विश्वस्तांना सगळं लिहिणार आहे, माझ्या नावाने, माझ्या सहीने. त्यात तुझंही येईल. तुझ्यासाठी मी काहीही झाकणार नाही. माझंही झाकलेलं नाही.


४ मार्च

ठोंब्या,

तुझा माणूस एकवीसला दुपारी चार वाजता पाकीट घेऊन आला. मोटरसायकलवरून आला होता, हेल्मेट न काढताच सही घेऊन गेला.

मी ताडून बघितलं. ओळ एकतीस, शेवटचा रकाना : “होय. वार्षिक तपासणी न झाल्याने कळले नाही. उजवा पाय गुडघ्याच्या वर कापावा लागला.” तक्त्याखाली टीप : “या रुग्णाचे पाचही फॉर्म रुग्णाने भरलेले नव्हते. हे लेखकास पहिल्या वर्षापासून माहीत होते.” शेवटचा परिच्छेद रद्द. त्या जागी, दुसऱ्या पायाची आणि पोटाची तपासणी दरवर्षी प्रत्यक्ष करावी, फॉर्म तिची जागा घेऊ शकत नाही.

पोटाची का, ते मला समजलं नाही. छापखान्यात एक जुना वैद्यकीय कोश आहे, त्यात पाहिलं. गुडघ्यामागे फुगते त्या माणसाची पोटातली मोठी धमनीही फुगलेली असू शकते. ती फुटली तर पाय कापायलाही वेळ मिळत नाही. हे तू मला पाच वर्षांत कधी सांगितलं नाहीस. मीही कधी विचारलं नाही.

प्रतीत एकही चूक नव्हती. मी कोपऱ्यात सही केली आणि फाइल फोरमनच्या टेबलावर ठेवली.

तुझं कालचं पत्रही मिळालं. विश्वस्तांच्या बैठकीत तू स्वतः उभं राहून ती टीप वाचलीस. तपासणी बंद होणार नाही. तुझ्याकडून तो विभाग काढून घ्यायचा की नाही हे पुढच्या महिन्यात ठरेल. फॉर्म पाठवणाऱ्या सगळ्यांना बोलावणं गेलं आहे, नऊजण आतापर्यंत येऊन गेले, त्यातल्या दोघांच्या दुसऱ्या गुडघ्यामागे फुगवटा निघाला. एकाचा सव्वीस मिलिमीटर. त्याने फॉर्मवर स्वतःच्या हाताने ‘नाही’ लिहिलं होतं, आणि खरं समजून लिहिलं होतं.

या दोघांबद्दल तू मला शाबासकी दिल्यासारखं लिहिलं आहेस. देऊ नकोस. आणि माझा राग उतरला असंही समजू नकोस. त्याला आता दोन तोंडं आहेत, एक तुझ्याकडे आणि एक माझ्याकडे, एवढंच. रोज सकाळी कोणाकडे बघायचं ते मला ठरवावं लागतं.

मिस्त्री गुरुवारी तुझ्याकडे येतो आहे. हे त्याने मला सांगितलं नाही. बसचं तिकीट टेबलावर होतं, एकच होतं. डावा पाय आणि पोट दाखवायला येतो आहे, एवढं मी अंदाजाने म्हणते. पुन्हा अंदाज. बघ.

मी म्हटलं, “मी येते. बसमध्ये चढायला कोणी तरी हवं.”

म्हणाला, “कंडक्टर असतो.”

“निदान काय निघालं ते तरी सांगशील?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने पाहिलं असं म्हणता येणार नाही. एखादी खोली मापायला आला असावा तसं पाहिलं. म्हणाला, “ते मी ठरवीन.”

तेव्हा ऐक, आणि ही एक गोष्ट तरी माझं ऐकून कर. गुरुवारी तू त्याच्या पोटावर ते यंत्र फिरवशील आणि तुला कळेल. त्यालाही कळेल. मला कळणार नाही. मी छापखान्यात असेन, पाठ्यपुस्तकांच्या पानांवर. संध्याकाळी पाचनंतर मला राहवणार नाही आणि मी तुला फोन करीन. विनवीन, चिडेन, रडेनही. आईची आठवण काढीन.

सांगू नकोस. तो सांगेपर्यंत सांगू नकोस. त्याने कधीच सांगितलं नाही, तरी.

ताई